सेहेचाळीस हात

बावीस लॅपटॉपची झाकणं एकदम मिटली, आणि मी काहीच म्हटलं नव्हतं. मी म्हणजे वर्ग गप्प ठेवण्याचा पगार घेणारी बाई. आधी चार वर्षं पुनावळ्याच्या एका शाळेत संगणकाच्या तासाला आठवीच्या पोरांना 'झाकण अर्धं, हात मांडीवर' असं ओरडून घसा बसवून घेतलेली, आणि गेले सात आठवडे इथं चाकणच्या कंपनीत, जिथं मोठी मशीनं पत्रा दाबून कापतात त्या प्रेस शॉपच्या वरच्या ट्रेनिंग रूममध्ये, पन्नाशीच्या आसपासच्या कामगारांना तेच जरा आदरानं सांगणारी. बाराला आठ मिनिटं कमी होती. परीक्षा चालू होती. चाळीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं. सकाळीच मी तीन वेळा बजावलं होतं, की आज झाकणाला हात लावायचा नाही. झाकण मिटलं की लॅपटॉपला वाटतं माणूस उठून गेला, आणि तिथंच परीक्षा संपते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जो पास होईल तो नव्या लाईनवर जाणार होता, जिथं प्रत्येक मशीनपुढं एक स्क्रीन आहे आणि जे काही सांगायचं ते टाइप करून सांगायचं आहे. जो होणार नाही त्याच्यापुढं स्वेच्छानिवृत्तीचा कागद येणार होता, त्यातली स्वेच्छा कोणाची हे विचारायचं नसतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरीही बावीस झाकणं एका आवाजात मिटली, आणि पाठोपाठ बावीस माणसांनी दोन्ही हात वर केले, तळवे पुढं, बोटं फाकलेली.

माझ्या स्क्रीनवर त्यांच्या बावीस छोट्या खिडक्या मला दिसत असत. त्या सगळ्या काळ्या झाल्या. पहिल्यांदा वाटलं, हा संप आहे. मग मी चक्क मागं वळून पाहिलं, की माझ्या पाठीमागं कोणी पिस्तूल घेऊन उभं आहे की काय. भिंतीवर कॅलेंडर होतं. मग हळूहळू कळायला लागलं, की खोलीत काहीतरी नाही. सात आठवडे माझ्या चपलांच्या तळव्याखाली एक धडक येत होती, दर चार-पाच सेकंदांनी, खालच्या मोठ्या प्रेसची. ती मला पहिल्या दिवशी जाणवली असेल. नंतर ती जमिनीचाच भाग झाली होती. ती थांबली होती. मला ती थांबल्यावर ऐकू आली, आणि ह्या माणसांना ती थांबता थांबताच कळली होती, परीक्षेचा तेविसावा-चोविसावा प्रश्न वाचता वाचता.

मधल्या रांगेतून सोपानराव उठले. हे वयानं सगळ्यांत मोठे, छप्पन्न वर्षांचे, इथल्याच पंचक्रोशीतले. जमीन कधीच कुठल्यातरी फाटकाच्या आत गेलेली आणि मागोमाग हेही त्याच फाटकाच्या आत नोकरीला गेलेले. आपले हात तसेच वर ठेवून त्यांनी हनुवटीनं मोजायला सुरुवात केली. "दोन, चार, सा, आठ..." चव्वेचाळीसवर ते थांबले, पण कोणाचाच हात खाली आला नाही. सोपानराव माझ्याकडं पाहत होते. बावीसच्या बावीस माझ्याकडं पाहत होते. "म्याडम," ते हळूच म्हणाले, "दोन ऱ्हायले." माझ्या एका हातात पेन होतं आणि दुसऱ्यात फोन. दोन्ही टेबलावर ठेवून मी हात वर केले. आयुष्यात मी असे हात कधी वर केले नव्हते. बाह्या घसरल्या, बांगडी कोपराकडं सरकली, आणि मला एकदम उघडं-उघडं वाटलं. "सेहेचाळीस," सोपानराव म्हणाले. तेव्हा सगळे हात खाली आले. त्यांचे शेवटी.

त्या अर्ध्या मिनिटात मी जे पाहिलं ते मला पुन्हा पाहायला मिळेल असं वाटत नाही. सात आठवडे ह्या हातांचा मी मनातल्या मनात वैताग केला होता. एका बोटानं टाइप करणारे, बटण इतकं दाबून धरणारे की स्क्रीनवर 'क' ची माळच्या माळ उमटावी. रोज सकाळी बसायच्या आधी खिशातल्या फडक्यानं लॅपटॉप कडेपासून पुसून काढणारे. झाकणावर खडूनं आपला टोकन नंबर लिहून ठेवणारे, आणि त्यावर दुसरा बसला तर 'ते माझं मशीन हाय' म्हणून रुसणारे. शाळेतल्या पोरांची जागा बदलली की वर्ग वठणीवर येतो. इथं मी जागा बदलल्या तर दिवसभर कोणी धड काम केलं नाही. हे हात मी खाली, कीबोर्डवरच पाहिले होते. वर, उजेडात, ते निराळेच होते. कोणाच्या बोटाचं टोक नव्हतं, कोणाचं पेर नव्हतं. खिडकीजवळच्या ज्योतीरामच्या डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून नव्हती, आणि तो हात त्यानं इतरांइतकाच सरळ धरला होता. मोजताना सोपानरावांनी तो हात एक म्हणूनच मोजला. मला जे वाटलं त्याला घाईत मी भीती म्हटलं असतं, पण ती भीती नव्हती. लहानपणी विहारात वंदना संपली की सगळे क्षणभर डोळे मिटून गप्प बसत, आणि मी एकटी डोळे उघडे ठेवून त्या गप्प बसलेल्या मोठ्या माणसांकडं पाहत असे, तेव्हा असंच अंगावर येई. ही माणसं माझ्यापेक्षा फार मोठी आहेत, एवढंच कळत असे.

आणि मग पप्पा आठवले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. आम्ही तेव्हा थेरगावात एका खोलीत राहत होतो, पप्पा भोसरीला प्रेसवर होते, आणि गुरुवारी त्यांना सुट्टी आणि गुरुवारीच लाईट जायची. टेबलफॅन गरगरत थांबायचा आणि पप्पा, जेवत असले तरी, भाताच्या बोटांसकट दोन्ही हात वर करायचे. आम्ही भावंडं खिदळत हात वर करायचो. आई पोळपाटापुढून पिठाचे हात वर करायची, 'करा बाई, नाहीतर हा माणूस जेवायचा नाही' म्हणत. पप्पा सगळ्यांचे हात नीट बघून घ्यायचे, एकेकाचे, घाई न करता, मग 'हं' म्हणायचे आणि जेवायला लागायचे. आम्हाला वाटायचं हा लाईट जाण्याचा खेळ आहे, सगळ्यांच्या घरी असतो. नववीत असताना स्नेहलच्या वाढदिवसाला मी तिच्या घरी गेले होते, डांगे चौकामागं त्यांचा नवा बंगला होता. पप्पा मला न्यायला आले आणि ते दारात उभे असतानाच लाईट गेली. त्यांच्याकडं इन्व्हर्टर, दोन सेकंदांत दिवे परत आले, आणि त्या लख्ख उजेडात माझे वडील दारात दोन्ही हात वर करून उभे होते. सगळ्या मुली हसल्या. स्नेहलचे आजोबा म्हणाले, 'अवो किसनराव, आमी काय चोर हाय का पोलीस?' पप्पाही हसले. परत येताना सायकलवर मागं बसून मी त्यांच्या पाठीला म्हटलं, की तुम्ही असं नका करत जाऊ, मला लाज वाटते. ते 'बरं' म्हणाले. त्यानंतर लाईट गेली की ते हात मांडीखाली दाबून बसत. मी ते बघत असे आणि मला बरं वाटत असे. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. हा खेळ नव्हता हे मला चाकणमध्ये, एका परीक्षेच्या मधोमध, पगारी माणसांच्या वर्गात कळावं. त्यांनी मला सांगितलं का नाही, असं मी मनात म्हटलं, आणि लगेच कळलं की मी विचारलंच कधी नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. खालून सुपरवायझर सांगत होता, काही नाही, पत्रा तिरका गेला म्हणून सेन्सरनं मशीन थांबवलं, कोणाला काही झालेलं नाही. मी ते वर्गाला सांगितलं. बावीस माणसांनी एकदम श्वास सोडला, आणि मग एकेकाची नजर आपापल्या मिटलेल्या झाकणाकडं गेली. माझ्या स्क्रीनवर बावीस ओळी आल्या होत्या, सगळ्यांपुढं एकच वेळ, एकच शब्द: परीक्षा सोडली.

मला राग आला, आणि तो नेमका ज्योतीरामवर निघाला. त्याचं कारण होतं. हा मराठवाड्यातून आलेला, अठ्ठेचाळिशीचा, वर्गात सगळ्यांत लहान. सात बोटांचा, आणि वर्गात सगळ्यांत मागं. त्याच्यासाठी मी जेवणाच्या सुट्टीत थांबले होते, उजव्या हातानं शिफ्ट दाबायची निराळी तऱ्हा शोधून काढली होती. आज पहिल्यांदाच त्याची खिडकी इतरांच्या बरोबरीनं पुढं सरकताना मी पाहत होते; एकवीस उत्तरं झाली होती. चोविसाला पास. "ज्योतीराम, तुम्हाला सकाळी काय सांगितलं होतं?" मी म्हटलं. "तीन वेळा सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की, मॅडम." तो ओशाळला होता, पण घाबरलेला नव्हता. "पर मशीन थांबलं की पहिलं आपलं बंद करायचं अस्तंय, मंग हात दाखवायचे. मधी डोकं इचारायलाच येत न्हाई बगा."

"कुठं लिहिलंय हे? कंपनीच्या कुठल्या नियमात?"

"लिवल्यालं न्हाई कुटंच," सोपानराव म्हणाले. "पस्तीस वर्सांमागं भोसरीला एकाचा हात आत ऱ्हायला व्हता आन् दुसऱ्यानं चालू केलं. तवापासनं आमी आमचंच ठरवलं. सगळ्यांचे हात दिसल्याबिगर कुनी चालू करायचं न्हाई. मानसं कंपन्या बदलत गेली, तसं हेबी गेलं त्यांच्यासंगं." मग म्हणाले, "तुमाला हात वर करायला लावले, राग नका मानू. खोलीत हाय तो मोजायचा."

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन जयदीप सरांना फोन लावला. ते ट्रेनिंगचे प्रमुख, माझ्याहून वयानं लहानच, वाईट माणूस नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण खाली झालं काय होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग?" ते म्हणाले. त्यांनी सांगितलं, की परीक्षा मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर आहे आणि उशिरा उघडली तरी सगळ्यांची एक वाजताच बंद होते, ती ना त्यांच्या हातात ना माझ्या. पुन्हा उघडायची तर प्रत्येकाची वेगळी उघडावी लागेल, माझ्या पासवर्डनं, दर वेळी माझ्या फोनवर नंबर येईल तो टाकून. आणि कारण द्यावं लागेल. "नेट गेलं म्हणून टाकू नका, ते लगेच पकडतात, झाकण मिटल्याची नोंद असते. दोनच कारणं चालतील. 'परीक्षार्थीने स्वतः सोडली', म्हणजे ती उघडणार नाही. किंवा 'पर्यवेक्षकाच्या सूचनेवरून'." मग आवाज उतरवून म्हणाले, "मिनल मॅडम, दुसरं कारण टाकलंत तर जबाबदारी तुमची होते. बावीस वेळा. तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे, विचार करा." मी विचार केला. चिखलीच्या फ्लॅटचा हप्ता, आईची औषधं, पुन्हा पुनावळ्याची आठवी. हे सगळं अर्ध्या मिनिटात डोक्यातून जाऊन आलं, आणि त्यानं काही बदललं नाही हे पाहून मला स्वतःचंच नवल वाटलं.

बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. एका लॅपटॉपला दोन मिनिटं धरली तर शेवटचा उघडायला बारा त्रेपन्न होणार. मी वर्गात येऊन ते सांगितलं, आणि म्हटलं की पहिल्या बाकापासून सुरू करते. "थांबा, म्याडम," सोपानराव म्हणाले. ते रांगांमधून फिरले, एकेकाच्या खांद्याला हात लावत. "ज्योतीराम, तू पयला. रोहिदास, तू त्याच्या मागनं." ज्याचा हात सगळ्यांत हळू तो आधी, ज्याचा चलाख तो मागं. कोणी हुज्जत घातली नाही, 'मी का मागं' म्हटलं नाही. शाळेत मी खाऊ वाटायला रांग लावली तरी तीन पोरं रडायची. मी इकडं सात आठवडे ह्यांना शिस्त लावत होते.

ज्योतीरामच्या बाकाशी वाकून मी पासवर्ड टाकला, फोनवर आलेला नंबर टाकला, 'पर्यवेक्षकाच्या सूचनेवरून' निवडलं. खाली चौकट उघडली: कोणती सूचना दिली? कमीत कमी तीस अक्षरं, दुसरीकडून उचलून चिकटवलेलं चालणार नाही. मी काहीतरी गुळमुळीत लिहायच्या बेतात होते. मग लिहिलं: मोठे यंत्र थांबताच आपले यंत्र बंद करून दोन्ही हात वर करा. खाली माझं नाव आपोआप उमटलं. परीक्षा उघडली, आधीची एकवीस उत्तरं गेलेली होती आणि प्रश्नही दुसरे आले होते. ज्योतीरामनं पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि कुरकुर न करता वाचायला लागला.

मग रोहिदास, मग तिसरा, मग चौथा. तेच वाक्य. सहाव्या-सातव्या वेळेला ते माझ्या बोटांत बसलं आणि मला त्याच्याकडं बघावं लागेना. जी गोष्ट पस्तीस वर्षं कोणी कागदावर आणली नव्हती, जिच्यापायी एका माणसाला त्याच्या मुलीनं हात मांडीखाली घालायला लावले होते, ती मी कंपनीच्या दप्तरात एकामागून एक चढवत होते, आणि दर वेळी खाली सही माझी. खालचा प्रेस मधेच सुरू झाला. सगळ्यांनी क्षणभर मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. जेवणाचा भोंगा झाला, कोणी उठलं नाही. माझी पाठ भरून आली होती, चष्म्यावर घाम येत होता, आणि आत एक विलक्षण शांत, मोठं काहीतरी पसरत चाललं होतं. कृतज्ञता म्हणावी तर कोणाबद्दल, ते नीट सांगता येत नाही.

एकविसावा उघडून सरळ उभी राहिले तेव्हा बारा पन्नास झाले होते. ठरवल्यापेक्षा लवकर आटोपलं म्हणून मला बरं वाटलं, आणि मी विचारलं, आता कोण राहिलं. मधल्या रांगेत सोपानराव आपल्या मिटलेल्या झाकणावर हात ठेवून बसले होते. चलाख हाताचे ते नव्हतेच. ज्योतीराम सोडला तर त्यांच्याइतका हळू टाइप करणारा वर्गात दुसरा नव्हता. त्यांच्याच हिशोबानं त्यांचा नंबर दुसरा लागायला हवा होता. "सोपानराव, हे काय केलंत?" मी कुजबुजले. "मोजनारा शेवटी असतो, म्याडम," ते म्हणाले. "आन् माझी दोनच वर्सं ऱ्हायल्याती. ज्योतीरामची धा." फोनवर आलेला नंबर एकदा चुकला. त्यांची परीक्षा उघडली तेव्हा एकाला आठ मिनिटं कमी होती.

मी टेबलाशी जाऊन बसले आणि त्यांच्याच खिडकीकडं बघत राहिले. ते घाई करत नव्हते. प्रश्न पूर्ण वाचत, एकदा छताकडं बघत, मग बोट उतरत असे. एक एक करून सगळी उत्तरं बरोबर येत होती. बाजूच्या खिडकीत ज्योतीरामचं सत्ताविसावं उत्तर पडलं, अठ्ठाविसावं पडलं. एक वाजला आणि सगळ्या खिडक्या एकदम पांढऱ्या झाल्या. एकवीस जण पास होते. ज्योतीराम सव्वीस. सोपानराव चौदापैकी चौदा, नापास.

मी निकाल वाचून दाखवला, कारण वाचणं भाग होतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जयदीप सरांचा निरोप आला होता, की उद्या सकाळी दहाला ओळखपत्र घेऊन ऑफिसमध्ये या. मी फोन पालथा ठेवला. माणसं उठली, पण दाराकडं गेली नाहीत. सोपानराव फडक्यानं लॅपटॉपची कड पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "म्याडम, ते पंधराव्यात काय विचारलं व्हतं वो? वाचायचंच ऱ्हायलं."

मी पंधरावा प्रश्न वाचला. स्क्रीनवर तांबडी खूण आली आणि मशीन चालूच राहिलं तर काय कराल, असा काहीसा होता. त्यांनी उत्तर सांगितलं. बरोबर होतं. मी सोळावा वाचला. तेही बरोबर होतं. मग मी थांबलेच नाही, आणि तेही थांबले नाहीत. बाकीची एकवीस माणसं जेवण सोडून बाकांना टेकून ऐकत उभी राहिली, ज्योतीरामचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. चाळिसाव्यापर्यंत त्यांचा एकच प्रश्न चुकला, तेहेतिसावा, आणि त्याचं उत्तर मलाही आधी पुस्तकात बघावं लागलं होतं.